जुनं पान हटत नाही तेव्हा: पेज कॅशचा दोष नेमका कुठे, ते शोधायची रीत

बातमीच्या मथळ्यातली चूक दुरुस्त केली. ॲडमिनमध्ये नवा मथळा दिसतो, स्वतःच्या ब्राउझरमध्येही दिसतो, पण बाहेरून फोन येतात की जुनाच आहे. अशा वेळी हात आपसूक ‘पर्ज ऑल’च्या, म्हणजे कॅशमध्ये साठवलेल्या सगळ्या प्रती पुसण्याच्या, बटणाकडे जातो. तो आवरा. सगळं एकदम पुसलं की जुनी प्रत कुणी दिली, याचा पुरावाही पुसला जातो. शिवाय रिकाम्या कॅशमुळे सगळी गर्दी थेट मूळ सर्व्हरवर येते आणि अर्ध्या तासाने तेच दुखणं पुन्हा उभं राहतं. पहिलं काम एकच: जुनी प्रत कोणत्या थराने दिली ते पकडायचं. थर सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन-चार ओळींची असते.

इथे समोर ठेवलेला सेटअप म्हणजे वर्डप्रेस, त्याखाली पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम), पुढे एनजिनएक्स या वेब सर्व्हरची फास्टसीजीआय कॅश आणि सगळ्यांच्या पुढे सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणारं जाळं). तुमच्याकडे एनजिनएक्सऐवजी व्हार्निश असेल किंवा वर्डप्रेसऐवजी लारावेल, तरी शोधण्याची रीत तीच. निर्देशांची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, कॉन्फिग फाइलमध्ये ती मूळ रूपातच लिहायची.

आतून बाहेर थर असे: ओपकॅश (पीएचपीचा तयार कोड), रेडिससारखी ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसची उत्तरं), प्लगइनची पेज कॅश, एनजिनएक्स, सीडीएन, सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी साइटची स्क्रिप्ट) आणि शेवटी ब्राउझरची स्वतःची कॅश. यातला कुठलाही थर जुना असला तरी वाचकाला दिसणारं लक्षण एकच, म्हणून नुसतं पाहून निदान होत नाही.

आधी पानावर शिक्का मारा

थीमच्या फूटरमध्ये एक एचटीएमएल कमेंट टाका: पान कधी तयार झालं ती वेळ सेकंदासह, आणि कोणत्या सर्व्हरवर झालं त्याचं नाव. ही कमेंट पीएचपीनेच छापलेली हवी, जावास्क्रिप्टने नको, कारण जावास्क्रिप्ट दर वेळी ब्राउझरमध्ये नव्याने चालते आणि वेळ नेहमी ताजीच दाखवते. तक्रार करणाऱ्याला ‘व्ह्यू सोर्स’ उघडून तळाची ती ओळ पाठवायला सांगा. स्क्रीनशॉटपेक्षा ती ओळ दहापट कामाची.

वेळ यूटीसीमध्ये छापा आणि तसं लिहूनही ठेवा. एचटीटीपीच्या हेडरमधल्या (पानासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींमधल्या) वेळा जीएमटीतच असतात. एक वेळ भारतीय आणि दुसरी जीएमटीत असली की साडेपाच तासांचा फरक दिसतो आणि माणूस नसलेल्या जुनेपणामागे धावतो. फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा दिसला, तर कॅशला हात लावू नका, घड्याळाकडे बघा.

हेडर वाचणं

कर्लला (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) नुसता कॅपिटल आय दिला की तो हेड विनंती पाठवतो, म्हणजे फक्त हेडर मागतो. ब्राउझर गेट पाठवतो. कॅशच्या कीमध्ये (साठवलेली प्रत ज्या नावाने ओळखली जाते त्यात) विनंतीचा प्रकार असेल (बऱ्याच कॉन्फिगमध्ये असतो), तर दोघांना वेगळ्या प्रती मिळतात आणि तुम्ही भलत्याच प्रतीची तपासणी करत बसता. म्हणून खरी गेट विनंती करा, मजकूर डेव्ह-नलमध्ये टाका (म्हणजे फेकून द्या) आणि कॅपिटल डी पर्यायाने फक्त हेडर छापा. सोबत ‘कॉम्प्रेस्ड’ हा पर्याय द्या, कारण ब्राउझर जीझिप किंवा ब्रॉटली मागतो, साधा कर्ल मागत नाही, आणि व्हेरी हेडरमुळे (कशानुसार प्रत बदलते ते तो सांगतो) या दोन प्रतीही वेगळ्या असू शकतात. विनंती लागोपाठ दोनदा करा. पहिली मिस (साठवलेली प्रत नव्हती) आणि दुसरी हिट (साठवलेली प्रत मिळाली) आली तर कॅश चालू आहे.

आता काय पाहायचं? ‘एज’ हेडरमध्ये ती प्रत सामायिक कॅशमध्ये किती सेकंद पडून आहे ते कळतं. ‘कॅश-कंट्रोल’मध्ये किती वेळ ठेवायची परवानगी आहे ते. सीडीएनचा स्वतःचा हेडर असतो. क्लाउडफ्लेअरमध्ये तो ‘सीएफ-कॅश-स्टेटस’ आणि त्यात ‘डायनॅमिक’ आलं तर सीडीएनने पान साठवलेलंच नाही. क्लाउडफ्लेअर मुळात एचटीएमएल साठवत नाही, तसा नियम लिहावा लागतो. एनजिनएक्सला मात्र बोलतं करावं लागतं: ‘अपस्ट्रीम_कॅश_स्टेटस’ हे चल (व्हेरिएबल) ‘ॲड_हेडर’ने ‘एक्स-कॅश’ नावाने बाहेर काढा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये एक जरी ‘ॲड_हेडर’ असेल, तर बाहेरच्या सर्व्हर ब्लॉकमधले सगळे ‘ॲड_हेडर’ तिथे गळून पडतात. मग एक्स-कॅश दिसत नाही आणि कॅशच बंद आहे असं वाटतं. दुसरा जास्त फसवा. सीडीएन पान साठवतो तेव्हा त्याच्याबरोबर एनजिनएक्सने त्या क्षणी लावलेला एक्स-कॅशही गोठवतो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ‘एक्स-कॅश: मिस’ दिसतं, पण ती कालची साक्ष असते. तुमची विनंती एनजिनएक्सपर्यंत पोचलेलीसुद्धा नसते. सीडीएनचा हेडर हिट म्हणत असेल, तर त्या उत्तरातल्या एक्स-कॅशकडे दुर्लक्ष करायचं.

एनजिनएक्सला थेट विचारायचं तर कर्लचा ‘रिझॉल्व्ह’ पर्याय वापरा: डोमेन, पोर्ट ४४३ आणि मूळ सर्व्हरचा आयपी, मध्ये कोलन. डीएनएसला हात न लावता सीडीएन वगळला जातो आणि होस्टचं नाव व प्रमाणपत्र जसंच्या तसं राहतं. इथे शिक्क्याची वेळ ताजी आणि सीडीएनमार्गे जुनी, तर दोष सीडीएनमध्ये. इथेही जुनीच, तर एक थर आत जा: एखादी गुप्त कुकी ठरवून ‘फास्टसीजीआय_कॅश_बायपास’मध्ये घाला (मग एनजिनएक्स साठवलेली प्रत देत नाही) आणि तीच विनंती त्या कुकीसह करा. तरीही जुनंच आलं, तर दोष प्लगइन, रेडिस किंवा ओपकॅशमध्ये. शिक्क्याची वेळ ताजी पण मजकूर जुना असेल, तर पान नव्यानेच बनलं आहे आणि त्याला कच्चा माल जुना मिळाला आहे. तेव्हा रेडिस किंवा डेटाबेसची मागे पडलेली रेप्लिका (नक्कल) तपासा. कोड जुना वाटत असेल आणि ‘ओपकॅश.व्हॅलिडेट_टाइमस्टॅम्प्स’ शून्य असेल, तर नवी फाइल टाकल्यावर एफपीएम रीलोड केल्याशिवाय ती उचललीच जात नाही.

पत्त्याला प्रश्नचिन्ह आणि काहीतरी आकडा जोडून ‘बघा, बरोबर दिसतंय’ म्हणणं ही चाचणी अर्धीच. त्यातून आतला माल ताजा आहे एवढंच कळतं. वाचकाच्या पत्त्यावरची जुनी प्रत त्याने हलत नाही.

पर्ज केलं, पण भलत्याच कीवर

‘पर्ज झालं असं प्लगइन म्हणतो, पान मात्र जुनंच’, याचं मूळ बहुतेक वेळा ‘की’ न जुळण्यात असतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, शेवटचा तिरपा दांडा, एचटीटीपी की एचटीटीपीएस, मोबाइलसाठी वेगळी प्रत, हे नेहमीचे संशयित. देवनागरी पत्ते असलेल्या मराठी साइटवर आणखी एक असतो आणि इंग्रजी मदतलेखांत तो सहसा सापडत नाही.

‘क’ हे एक अक्षर पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं: %ई०%ए४%९५. यातली रोमन अक्षरं, म्हणजे ई आणि ए, लहान लिपीत (e, a) लिहिली काय आणि मोठ्या लिपीत (E, A) लिहिली काय, प्रमाणानुसार अर्थ एकच. वर्डप्रेस स्लग (पत्त्यातलं बातमीचं नाव) साठवतो आणि पर्मालिंक (बातमीचा कायमचा पत्ता) छापतो तो लहान लिपीत. वाचकाने देवनागरी पत्ता कॉपी करून ब्राउझरच्या पट्टीत चिकटवला, तर ब्राउझर त्याचं रूपांतर मोठ्या लिपीत करतो. वर्डप्रेस दोन्ही पत्त्यांना निमूट पान देतो, रीडायरेक्ट करत नाही. एनजिनएक्सचं ‘रिक्वेस्ट_यूआरआय’ हे चल मात्र जसं आलं तसंच कीमध्ये जातं. एकाच बातमीच्या दोन प्रती तयार होतात. प्लगइन पर्मालिंकवरची म्हणजे लहान लिपीतली पुसतो, मोठ्या लिपीतली मुदत संपेपर्यंत तशीच राहते. म्हणून तर ‘काहींना नवं, काहींना जुनं’ दिसतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एनजिनएक्सच्या प्रत्येक कॅश फाइलच्या सुरुवातीला, काही बायनरी मजकुरानंतर, ‘की:’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे पूर्ण की लिहिलेली असते. कॅशच्या फोल्डरमध्ये ग्रेपने (बायनरी फाइलही मजकूर समजून वाचण्याच्या पर्यायासह) ‘की:’ शोधा आणि यादी बघा. एकाच बातमीच्या तीन-चार प्रती सापडणं नवलाचं नाही. फाइलचं नाव म्हणजे त्या कीचा एमडी५. ‘लेव्हल्स १:२’ असेल तर पहिलं फोल्डर म्हणजे एमडी५चं शेवटचं एक अक्षर आणि दुसरं म्हणजे त्याआधीची दोन. हे माहीत असलं की एकच प्रत हाताने पुसता येते.

उपाय सोपा: पर्जच्या हुकमध्ये (बातमी बदलताच चालणाऱ्या कोडमध्ये) लहान आणि मोठ्या, दोन्ही लिपींतले पत्ते पाठवा. काही जण कीमध्ये ‘रिक्वेस्ट_यूआरआय’ऐवजी ‘यूआरआय’ घालतात, कारण ते उकललेलं आणि एकसारखं असतं. तसं करताना जपून. ‘ट्राय_फाइल्स’ने विनंती इंडेक्स-पीएचपीकडे वळवली की ‘यूआरआय’ची किंमतच ‘इंडेक्स.पीएचपी’ होऊन बसते. मग सगळ्या पानांची की एकच होते आणि कुठलाही पत्ता उघडला तरी जे पहिलं साठवलं तेच पान दिसतं. सगळ्या साइटवर एकच बातमी दिसू लागली, तर आधी हीच ओळ तपासा.

पुसण्याचा क्रमही महत्त्वाचा: आतून बाहेर. आधी ऑब्जेक्ट कॅश, मग प्लगइन, मग एनजिनएक्स, शेवटी सीडीएन. सीडीएन आधी पुसला, तर पुढच्याच सेकंदाला तो एनजिनएक्सकडून जुनी प्रत उचलतो आणि पूर्ण मुदतीसाठी पुन्हा साठवतो. डेटाबेसची वाचनासाठी वेगळी रेप्लिका असेल, तर पाच-दहा सेकंदांनी दुसरा पर्ज लावून ठेवा. पहिल्या पर्जनंतर लगेच बनलेलं पान रेप्लिकाच्या जुन्या मजकुरातून बनलेलं असू शकतं. आणि बातमी बदलली की फक्त बातमीचं पान पुसून भागत नाही. मुखपृष्ठ, विभाग, टॅग, फीड, यादीचं दुसरं-तिसरं पान: मथळा या सगळीकडे असतो.

मुदतींची बेरीजही होते. एनजिनएक्सवर १० मिनिटं आणि सीडीएनवर १० मिनिटं म्हणजे जास्तीत जास्त १० नव्हे, जवळपास २० मिनिटं जुनं पान दिसू शकतं. आतल्या थराने एज हेडर लावला नाही, तर सीडीएन आपलं घड्याळ शून्यापासून सुरू करतो.

ब्राउझरपर्यंत पर्ज पोचत नाही

एचटीएमएल पानावर ब्राउझरसाठी मोठा ‘मॅक्स-एज’ देऊ नका. दिला तर ती प्रत वाचकाच्या फोनमध्ये बसते आणि तुमचं कुठलंही बटण तिथे पोचत नाही. सामायिक कॅशसाठी ‘एस-मॅक्सएज’ वापरा आणि ब्राउझरसाठी ‘मॅक्स-एज’ शून्य ठेवा. एनजिनएक्सही एस-मॅक्सएज मानतो. त्याच्या लेखी ‘एक्स-ॲक्सेल-एक्स्पायर्स’ सर्वांत वरचा, मग कॅश-कंट्रोल आणि एक्स्पायर्स, आणि तुम्ही कॉन्फिगमध्ये लिहिलेला ‘फास्टसीजीआय_कॅश_व्हॅलिड’ सर्वांत शेवटी. ‘मी तर एक तास लिहिला होता’ या तक्रारीचं उत्तर बहुधा इथे मिळतं.

‘नो-कॅश’चा अर्थ साठवू नका असा नाही. साठवा, पण वापरण्याआधी दर वेळी विचारा, असा आहे. अजिबात साठवू नका हे ‘नो-स्टोअर’ने सांगतात. आणि काहीच सांगितलं नाही, तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. लास्ट-मॉडिफाइड असेल तर त्या वयाच्या १० टक्के ही नेहमीची पद्धत. ५० दिवसांपूर्वी बदललेली फाइल ५ दिवस न विचारता वापरली जाऊ शकते. मौन म्हणजे बंदी नव्हे.

मागे जाण्याच्या बटणावर जुनी कार्ट दिसते, ते दुखणं वेगळं. ब्राउझरने अख्खं पान मेमरीत गोठवून ठेवलेलं असतं. ‘पेजशो’ इव्हेंटमध्ये ‘पर्सिस्टेड’ खरं आहे का पाहा आणि तेवढा भाग नव्याने मागवा.

सर्व्हिस वर्कर हा सगळ्यांत चिवट. कुणीतरी कधीतरी पीडब्ल्यूएचा (साइट ॲपसारखी चालवण्याचा) प्लगइन टाकून काढलेला असतो, वाचकांच्या फोनवर वर्कर मात्र जिवंत राहतो आणि साठवलेली पानं देत राहतो. त्याच्या फाइलच्या पत्त्यावर ४०४ दिल्याने तो मरतोच असं नाही, अद्ययावत करणं फसतं आणि जुनाच चालू राहतो. त्याच पत्त्यावर नवी छोटी फाइल ठेवा, जी आपल्या कॅश पुसेल आणि स्वतःची नोंद काढून टाकेल. ती काही महिने तिथेच राहू द्या. तपासताना डेव्हटूल्सच्या ‘ॲप्लिकेशन’मध्ये जाऊन वर्कर नोंदलेला आहे का ते आधी बघा. ‘डिसेबल कॅश’ची खूण डेव्हटूल्स उघडं असेपर्यंतच चालते, हेही विसरू नका.

उलटं दुखणं: कॅश होतच नाही

दर वेळी मिस येतं. हेडरमध्ये ‘एक्स्पायर्स’ची तारीख बघा. १९ नोव्हेंबर १९८१ असेल, तर कुठल्यातरी प्लगइनने पीएचपीचं ‘सेशन_स्टार्ट’ चालवलं आहे, ही पीएचपीची ठरलेली तारीख. ११ जानेवारी १९८४ असेल, तर वर्डप्रेसच्या ‘नोकॅश_हेडर्स’ने ती लावली आहे. दोन तारखा, दोन वेगळे गुन्हेगार, आणि शोध निम्म्यावर येतो. सेशनबरोबर सेट-कुकीही येते आणि सेट-कुकी असलेलं उत्तर एनजिनएक्स साठवत नाही. हे वागणं बरोबर आहे, त्याला वळसा घालू नका. कुकी कोण लावतं ते शोधा.

काही वेळाने हिटचं पुन्हा मिस होतं, मुदत तर एक दिवसाची आहे? मग ‘इनॲक्टिव्ह’ पाहा. तो न लिहिल्यास १० मिनिटं असतो आणि तेवढ्या वेळात कुणी न मागितलेली प्रत, मुदत शिल्लक असली तरी, पुसली जाते. जुन्या बातम्यांच्या साइटवर हे हमखास घडतं.

फेसबुकवरून येणाऱ्या दुव्यांना ‘एफबीक्लिड’ची शेपटी असते आणि ती दर क्लिकला वेगळी. जाहिरातींच्या ‘जीक्लिड’चंही तसंच. ‘यूटीएम’ची शेपटी दर मोहिमेला बदलते. शेपटी कीमध्ये गेली की प्रत्येक वाचक नवी प्रत तयार करतो. ती कीमधून काढा. पण काढण्याआधी थीम ती शेपटी पानात कुठे छापत नाही ना, ते तपासा. नाहीतर पहिल्या वाचकाचं मूल्य गोठून सगळ्यांना दिसेल.

दुसऱ्याचं पान दिसलं तर

इथे मात्र ‘आधी शोधा, मग पुसा’ हा सुरुवातीचा नियम उलटा. आधी कॅश बंद करा, सगळं पुसा, मग शोधा. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात कॅशच्या चुकीच्या नियमामुळे लोकांना दुसऱ्यांची खात्याची पानं दिसली होती. कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४ हजार जणांची माहिती उघडी पडली.

वर्डप्रेस आणि एनजिनएक्समध्ये हे कसं होतं? ‘बायपास’ आणि ‘नो_कॅश’ हे दोन वेगळे निर्देश आहेत. बायपास म्हणजे साठवलेली प्रत देऊ नकोस. पण पीएचपीकडून आलेलं नवं पान तो साठवतो. साठवू नकोस हे ‘फास्टसीजीआय_नो_कॅश’ सांगतो. लॉगिनची कुकी फक्त बायपासमध्ये लिहिली, तर संपादकाने उघडलेलं पान, वरच्या ॲडमिन पट्टीसकट, सगळ्यांसाठी साठवलं जाऊ शकतं. वर्डप्रेस लॉगिन केलेल्यांना नो-कॅश हेडर देतो, त्यामुळे एरवी निभावतं. पण इंटरनेटवरून उचललेल्या कॉन्फिगमध्ये बरेचदा ‘फास्टसीजीआय_इग्नोर_हेडर्स’ची ओळ असते, तिच्यात कॅश-कंट्रोल, एक्स्पायर्स आणि सेट-कुकी तिन्ही. शेवटचा पहारेकरीही तिथे उठवला जातो. ती ओळ काढा आणि एकच चल दोन्ही निर्देशांना द्या. त्या चलात ‘वर्डप्रेस_लॉग्ड_इन’ने सुरू होणारी कुकी, ‘कॉमेंट_ऑथर’, आणि दुकान असेल तर वूकॉमर्सची सेशन कुकी घ्या. कार्ट, चेकआउट आणि माझं खातं ही पानं पत्त्यानुसारही वगळा, कारण पहिल्या भेटीत कुकी अजून लागलेली नसते.

नॉन्सची (फॉर्म खरा आहे हे पडताळणाऱ्या सांकेतिक खुणेची) गोष्ट याच कुळातली, फक्त सौम्य. वर्डप्रेसचा नॉन्स २४ तासांचा म्हणतात, पण तो १२-१२ तासांच्या टप्प्यांनी मोजतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो १२ तासांनंतर कधीही बाद होऊ शकतो. फॉर्म असलेलं पान त्याहून जास्त वेळ साठवलं, तर फॉर्म पाठवल्यावर ४०३ आणि उत्तरात नुसतं ‘-१’ येतं. पान पुसलं की चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. अशा पानांची मुदत १० तासांच्या आत ठेवा.

दुरुस्तीनंतर

‘फास्टसीजीआय_कॅश_लॉक’ चालू करा, म्हणजे पर्जनंतर एकाच पत्त्यासाठी शंभर विनंत्या आल्या तरी पीएचपीकडे एकच जाते. ‘यूज_स्टेल’मध्ये ‘अपडेटिंग’ घाला आणि ‘बॅकग्राउंड_अपडेट’ चालू ठेवा. मात्र मग मुदत संपल्यावर पहिल्या वाचकाला जुनी प्रत मिळणारच, तो दोष समजू नका.

मग पडताळणी. लॉगिन नसलेल्या कर्लने दोन विनंत्या करा: पहिली मिस, दुसरी हिट, दोन्हींचा शिक्का एकच. मथळ्यात एक अक्षर बदलून सेव्ह करा आणि पुन्हा दोन विनंत्या: शिक्का बदललेला, अक्षर नवं. हेच मोठ्या लिपीतल्या पत्त्यावर, मुखपृष्ठावर आणि विभागाच्या पानावर करा. शेवटी लॉगिनच्या कुकीसह एक विनंती (बायपास यायला हवं) आणि लगेच कुकीशिवाय दुसरी. या दुसरीच्या सोर्समध्ये ‘डब्ल्यूपीॲडमिनबार’ हा शब्द शोधा. तो सापडला, तर कॅश पुन्हा बंद करून ‘नो_कॅश’च्या ओळीपासून परत सुरुवात करा.